पुस्तकाआधीचा प्रश्न

(नांदेड येथे झालेल्या स्मृती-व्याख्यानाचं शब्दांकन)



लातूरच्या माणसानं नांदेडला येऊन बोलायचं म्हणजे जरा जपूनच. विद्यापीठ तुमच्याकडे, बोर्ड आमच्याकडे, एवढी वाटणी तरी शांततेत झाली. आयुक्तालय कोणाकडे, हा विषय मी आज काढणार नाही. मला रात्री सुखरूप घरी पोचायचंय. शिवाय हे विचारवंत नरहर कुरुंदकर गुरुजींचं गाव. इथला श्रोता टाळ्या नंतर वाजवतो, आधी शंका विचारतो. मला ते आवडतं, कारण आयुष्यभर मी गणित शिकवलं, आणि गणिताच्या वर्गात शंका न येणं हे सगळ्यात वाईट लक्षण.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलोय ते गुरुजी वेगळे, खेड्यातल्या शाळेतले. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगते आणि विषयाला हात घालते. मी नोकरीला लागले त्या वर्षी, देगलूरकडच्या एका एकशिक्षकी शाळेत त्यांचा तास बघायला गेले होते. गणिताचं साहित्य म्हणून त्यांच्याकडे काय होतं? जुन्या धोतराची एक पिशवी आणि तिच्यात चिंचोके. बास. मी नवी, बी.एड.चा तोरा अंगात. विचारलं, "गुरुजी, तुम्ही कोणत्या पद्धतीनं शिकवता?" गुरुजी म्हणाले, "बाई, ते मागून सांगतो. आधी तुम्ही सांगा, ह्या लेकराला गणित कशाला पाहिजे?" मला उत्तर आलं नाही. खोटं कशाला बोलू, पुढची कित्येक वर्षं आलं नाही.

त्यानंतर मी एका शाळेत होते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष माझाही होता. तिथं गणिताची पेटी आली. ठोकळे, दशकाच्या दांड्या, शतकाच्या पाट्या, खोट्या नोटा, घड्याळ, सगळं. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली आणि पेटी कपाटात गेली. हरवलं तर भरून कोण देणार? वर्षातून एकदा, तपासणीच्या आदल्या दिवशी, आम्ही ती बाहेर काढून पुसायचो. चिंचोक्यांच्या पिशवीत जे होतं ते त्या पेटीत का नव्हतं? आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

मुद्दे चारच आहेत, क्रमानं घेते.

पहिला मुद्दा. आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो.

शाळेत गणिताविषयी बैठक झाली की पहिला प्रश्न काय असतो? कोणतं पुस्तक? कोणता स्वाध्याय? कोणतं गाइड? कोणतं अॅप? अबॅकस लावायचा का वैदिक गणित? सेमी-इंग्रजी करायचं का? सगळे प्रश्न "कोणतं"चे. "कशासाठी" कोणी विचारत नाही. लग्नात आधी आचारी ठरवायचा, मग मंडप, मग वाजंत्री, आणि शेवटी विचारायचं, लग्न कोणाचं आहे? तसं चाललंय आपलं.

कोणी म्हणेल, "बाई, पुस्तक आपण कुठं निवडतो? ते बालभारती ठरवते." खरं आहे. १९६७ सालापासून राज्याची पाठ्यपुस्तकं बालभारती काढते, जूनच्या आधी ती गाड्या भरून तालुक्याला पोचतात आणि कोणी आपल्याला विचारत नाही. पण पुस्तक हातात पडल्यावर काय होतं? कोणता धडा चार दिवस घ्यायचा आणि कोणता अर्ध्या तासात उरकायचा, कोण ठरवतं? कृतीचं पान "घरी करा" म्हणून सोडून द्यायचं, हे कोण ठरवतं? पाचवीपासून गणित इंग्रजीतून घ्यायचं, हे कोण ठरवतं? पोराच्या दप्तरात बालभारतीच्या पुस्तकावर अपेक्षित प्रश्नसंच कोण ठेवतं? आपणच. पुस्तक एक येतं. निवडी आपण पन्नास करतो. आणि त्या पन्नास निवडी शिक्षक एका विचारानं करतो, पालक दुसऱ्या, संस्थाचालक तिसऱ्या. बैल तीन दिशांना ओढतात आणि आपण म्हणतो, गाडी जुनी झाली, नवी घ्या.

हा क्रम उलटा कसा करायचा, हे शिकायला लांब जायला नको. आपल्या प्रांतावर राज्य करणाऱ्यांच्या काळात एक माणूस होता. त्याचं नाव महावीराचार्य. नवव्या शतकात त्यानं 'गणितसारसंग्रह' लिहिला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत, आणि ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बरेच इतिहासकार मानतात. त्यांच्या काळातलं कंधार तर तुमच्याच जिल्ह्यात. म्हणजे या प्रांताचा गणिताशी संबंध कोचिंग क्लासनं सुरू झाला नाही; तो साडेअकराशे वर्षांचा आहे. तर हा महावीराचार्य ग्रंथाच्या आरंभी काय करतो? गुणाकाराची रीत सांगायच्या आधी तो गणित कुठं कुठं लागतं याची यादीच देतो. व्यवहारात लागतं, संगीतात लागतं, नाटकात लागतं, स्वयंपाकात, वैद्यकात, घर बांधताना, छंदशास्त्रात, तर्कात, ग्रहणं मोजताना. सगळं झाल्यावर मग गणित. त्याला आधी वाचकाशी एक करार करायचा होता. आपण तो करार न करताच लेकरांच्या हातात पुस्तक देतो.

आता दुसरा मुद्दा. करार नसला की काय होतं?

२०१९ सालचा जून आठवा. बालभारतीचं दुसरीचं नवं गणित पुस्तक आलं. त्यात एकवीस, बावीस यांच्या जोडीला वीस एक, वीस दोन अशी संख्यानामं होती. जुनी नावं काढलेली नव्हती. दोन्ही दिली होती. तरी महाराष्ट्र पेटला. वर्तमानपत्रं, टीव्ही, व्हॉट्सअॅप. विधानसभेतही विषय गाजला आणि नव्या संख्यानामांच्या चालीवर आडनावांच्या कोट्या झाल्या. डॉ. मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. स्वतः गणिती, मुलांसाठी आयुष्यभर लिहिणाऱ्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान लेकराला जोडाक्षरं जड जातात, आणि आपण बोलतो एका क्रमानं, लिहितो दुसऱ्या.

मी तेव्हा शिक्षकांना प्रशिक्षण देत होते. प्रशिक्षणात सांगायचे: फळ्यावर लिहू नका, नुसतं बोला, आणि दुसरीच्या पोरांना लिहायला सांगा. "एकवीस." पोराच्या कानावर आधी "एक" पडतो, मग "वीस". काही पोरं १२ लिहितात. "एकोणतीस." कानावर "तीस" पडतं, पोरगं ३९ लिहितं. बिचाऱ्यानं काय चूक केली? तिसात एक ऊन, ही वजाबाकी त्या शब्दाच्या पोटात आहे, पण ती त्याला कोणी सांगितलीच नाही. आणि नियम लागला म्हणावं तर एकोणनव्वदनंतर एकोणशंभर यायला हवं; येतं नव्व्याण्णव!

आता गंमत बघा. हा वाद पुण्या-मुंबईत रंगला. पण त्याचा सगळ्यात मोठा पुरावा बसला होता आपल्या वर्गात, मागच्या बाकावर. धर्माबाद, बिलोली, देगलूर, किनवट इथली कितीतरी लेकरं घरी तेलुगू बोलतात. एकवीसला तेलुगूत काय म्हणतात? इरवै ओकटि. इरवै म्हणजे वीस, ओकटि म्हणजे एक. वीस एक! उदगीर, देवणी, निलंग्याकडच्या घरांत कन्नड आहे. तिथं इप्पत्तोंदु. इप्पत्तु वीस, ओंदु एक. पुन्हा वीस एक! आणि शेजारच्या उर्दू शाळेत "इक्कीस", म्हणजे मराठीसारखंच एक आधी. बंजारा तांड्यावरच्या लेकराची बोली आणखी वेगळी. एका तालुक्यात संख्या बोलायच्या इतक्या रीती. हे आपल्याला रोज दिसत होतं. मग त्या महिन्यात नांदेड-लातूरमधून एक तरी आवाज उठला का, की थांबा, आमच्या वर्गाचा अनुभव ऐका? माझ्या तरी कानावर नाही आला. मीही उठवला नाही.

त्या वादात बरोबर कोण होतं? मला विचाराल तर दोन्ही बाजू. जे म्हणत होते की भाषा मोडू नका, त्यांच्या मनात प्रश्न होता: आजीचा हिशेब नातवाला कळला पाहिजे का? जे म्हणत होते की वीस एक म्हणा, त्यांच्या मनात प्रश्न होता: दशक-एकक लेकराला कळलं पाहिजे का? दोन वेगळे प्रश्न, दोन्ही योग्य, आणि दोघंही समोरच्याला मूर्ख समजत होते. दुसरीच्या अखेरीला लेकराला काय आलं पाहिजे, यावर आधी एकमत झालं असतं तर पंधरा मिनिटांत तोडगा निघाला असता. दोन्ही नावं शिकवा. एक समजायला, एक बाजारात बोलायला. पण आपण आधी पुस्तक छापलं आणि मग हेतूवर भांडलो.

आणि आता पुन्हा तीच वेळ आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०चं. त्यावर आधारलेला राज्याचा आराखडा. पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं पुस्तकं बदलताहेत. २०२५ साली तिसऱ्या भाषेवरून राज्यात केवढा गदारोळ झाला, तुम्ही पाहिलात. व्हायलाच हवा होता. भाषा आपली आहे. पण गणित कोणाचं आहे? त्याच्यावर एक तास तरी आपण कुठं भांडलो?

तिसरा मुद्दा. इथं लातूरकरांनी मला माफ करावं, मी घरचीच आहे.

लोक म्हणतात, सगळ्यांनी मिळून एक ध्येय ठरवायचं, हे पुस्तकात ठीक आहे, गावात कसं होणार? पक्ष आहेत, गट आहेत, भावकी आहे. मी म्हणते, होतं. आपण करून दाखवलंय. त्याचं नाव लातूर पॅटर्न, परीक्षेच्या तयारीची आमची रीत.

बाहेरगावचे लोक लातूरला येतात आणि विचारतात, "तुमच्या नोट्स द्या, तुमच्या टेस्ट सिरीज द्या." झेरॉक्स काढतात, घेऊन जातात. तिकडे पॅटर्न उगवत नाही. का? कारण पॅटर्न नोट्समध्ये कधी नव्हताच. राजर्षी शाहू महाविद्यालयात आणि त्याच्या जोडीच्या कॉलेजांत जे घडलं ते काय होतं? शिक्षक तासाबाहेर बसायला तयार होता. चाचणीवर चाचणी, आणि प्रत्येक पेपर पोराला शेजारी बसवून तपासणं. बाप शेत गहाण टाकून पोराला खोली करून देत होता. मेसवाल्या मावशी परीक्षेच्या दिवशी पहाटे चारला चूल पेटवत होत्या. रिक्षावाल्याला माहीत होतं कोणत्या गल्लीत कोणती टेस्ट आहे. अख्ख्या शहरानं एक गोष्ट मनोमन मान्य केली होती: आपल्या भागातलं पोरगं मुंबई-पुण्याच्या पोराला मागे टाकू शकतं. निजामाच्या राजवटीत ज्या प्रांताला स्वतःच्या भाषेत शिकायला झगडावं लागलं, ज्याला १९४८च्या सप्टेंबरपर्यंत स्वातंत्र्याची वाट बघावी लागली, त्या प्रांताचा हा स्वाभिमान होता. सामायिक ध्येय म्हणतात ते हेच. त्याच्यापुढे साहित्य दुय्यम. ध्येय पक्कं होतं म्हणून साध्या सायक्लोस्टाइल नोट्ससुद्धा कामाला आल्या.

मग बिघडलं काय?

ध्येय एक होतं. अरुंद होत गेलं. आधी बोर्डाची गुणवत्ता यादी, मग प्रवेश परीक्षा, आता वैद्यकीय प्रवेशाची नीट. आणि नीटमध्ये, मित्रहो, गणिताचा पेपरच नाही! भौतिक, रसायन, जीवशास्त्र. म्हणजे अकरावीला हजारो पोरांचं पहिलं काम काय? गणित सोडणं. ज्या शहरानं अभ्यासाचा झेंडा देशभर नेला, त्याच शहरात असंख्य हुशार पोरांचं गणित सोळाव्या वर्षी संपतं. पालक शांतपणे म्हणतात, "मॅडम, आता त्याला गणिताची गरज नाही." मी त्यांना दोष देत नाही. आपण सगळ्यांनी मिळून जे ठरवलं होतं, "गणित मार्कांसाठी", त्यातून हेच निघणार. मार्क दुसरीकडून मिळायला लागले की गणिताचं काय काम?

म्हणून मी म्हणते, मराठवाड्याला सामायिक ध्येय ठरवता येत नाही ही तक्रार खोटी आहे. येतं. फार छान येतं. प्रश्न एवढाच, या वेळी कोणतं ठरवणार?

चौथा मुद्दा तोच. माझ्यापुरतं उत्तर मी देते. तुम्ही ते खोडा, सुधारा. पण त्याच्याऐवजी काहीतरी मांडाच. गणित शिकलेल्या आपल्या लेकराला तीन गोष्टी आल्या पाहिजेत, असं मला वाटतं.

एक. त्याला कोणी फसवू नये.

सातवीची पोरं सरळव्याजाचं सूत्र घडाघडा म्हणतात. म्हणू द्या. मग विचारा, "तुझ्या बापानं शेकडा तीननं पैसे आणले, तर दर किती?" निम्मा वर्ग म्हणेल, तीन टक्के. अरे, सावकाराचं शेकडा तीन म्हणजे महिन्याचं! वर्षाचे छत्तीस टक्के झाले. सूत्रात "द" कुठं लिहायचा हे त्याला माहीत आहे. घरात "द" किती आहे हे माहीत नाही. सातबारावर हेक्टर-आर लिहिलेलं असतं, बाप एकर-गुंठ्यात बोलतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे, हे पोराला पीकविम्याचा अर्ज भरताना आलं पाहिजे. मोंढ्यात सोयाबीनचे कट्टे मोजले जातात तेव्हा आर्द्रतेची कपात, हमाली, अडत वजा जाता हातात काय राहिलं, हे त्याला काट्याजवळ उभं राहून सांगता आलं पाहिजे.

आणि उलटही आहे, बरं का. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला. १९८५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गाड्यावर हिशेब विचारला तर शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर. तसलंच गणित कागदावर मांडून दिलं तर जेमतेम सदतीस. तीच मुलं! अलीकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतही हेच दिसलं, आणि शाळेतल्या मुलांचं बरोबर उलटं: कागदावर ठीक, बाजारात गोंधळ. आपल्या आठवडी बाजारात आईशेजारी बसून कोथिंबीर विकणारी पोरगी शाळेत "गणितात कच्ची" असते. कच्ची ती आहे, का आपला फळा? बाजार आणि फळा यांच्यात पूल बांधायचा, हे ध्येय असेल तर पुस्तक निवडताना पहिल्यांदा काय बघाल? त्यातली उदाहरणं. रमेशकडे ४२० टरबुजं आहेत, हे उदाहरण टिकणार नाही.

दोन. त्याला आपल्या गावाचा आवाका कळावा.

२०१६चा एप्रिल. लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. जलदूत. पहिल्या गाडीला १० वाघिणी, पाणी सुमारे ५ लाख लिटर. देशभर बातम्या. पाच लाख! केवढा आकडा! मी त्या आठवड्यात नववीच्या पोरांना म्हटलं, २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८२ हजार आहे. भागा. भागाकार झाला आणि वर्ग गप्प. माणशी सव्वा लिटरच्या थोडं वर. पुढे ५० वाघिणींची गाडी आली, २५ लाख लिटर. पुन्हा भागा. माणशी साडेसहा लिटर. एक कळशीही पूर्ण नाही. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, मग गाडी लागली नाही पाहिजे असं काहीतरी करावं लागंल ना?"

त्या दिवशी भागाकार शिकवला, असं मी म्हणू शकते. मोठ्या आकड्यानं दबून न जाता त्याला माणसांनी भागायचं, हे ज्याला आलं तो कोणत्याही जाहिरातीनं, कोणत्याही घोषणेनं सहज भुलत नाही. लोकशाहीत याला फार किंमत आहे.

तीन. त्याला गणितात मजा यावी. ही गोष्ट शेवटी ठेवली, कारण हिच्यावर लोक हसतात.

देवळालीला एक शाळामास्तर होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. मोठं पद नाही, संशोधन संस्था नाही. शाळेत शिकवायचं आणि आकड्यांशी खेळायचं. १९४९ मध्ये त्यांनी एक गंमत जगापुढे मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा. शेवटी ६१७४ येणारच. करून बघू. आपलीच संख्या घेऊ: १९४८, मुक्तिसंग्रामाचं साल. उतरत्या क्रमानं ९८४१, चढत्या क्रमानं १४८९. वजा करा: ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८. किती? (सभागृहातून उत्तर येतं.) ६१७४! दोन पायऱ्यांत. आता घरी जाऊन स्वतःच्या जन्मसालाचं करा. झोप लागणार नाही.

हे करायला काय साहित्य लागलं? एक खडू. आणि किती वजाबाक्या झाल्या? पन्नास उदाहरणांचा स्वाध्याय देऊनही पोरं जेवढ्या करणार नाहीत, तेवढ्या ती आपणहून करतात. आपल्या आज्यांना पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, औटकी पाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तरुणांसाठी सांगते. त्यातही घोकंपट्टीबरोबर एक नाद होता, ताल होता. तो ताल गेला, घोकंपट्टी तेवढी राहिली.

ही झाली माझी तीन वाक्यं. फसू नये, आवाका यावा, मजा यावी. ही एकदा भिंतीवर लिहिली की बघा, साहित्य निवडणं किती सोपं होतं. विक्रेता अॅप घेऊन येतो. विचारा: यानं पोरगं शेकडा तीन ओळखेल का? यात त्याला स्वतःचा प्रश्न विचारायला जागा आहे का? का नुसतं बरोबर उत्तराला टाळ्या वाजतात? सेमीचा प्रश्न येतो. विचारा: "रेशो" हा शब्द आल्यानं गुणोत्तर कळतंय, का कळलेलं गुणोत्तरही हरवतंय? ज्या शाळेत कळतंय तिथं खुशाल सेमी करा. प्रत्येक शाळेचं उत्तर वेगळं येऊ शकतं. पण कसोटी ठरलेली असली की भांडण व्यक्तींचं राहत नाही.

आता शेवटचा व्यावहारिक भाग, कारण नांदेडचे लोक विचारणारच: करायचं कोणी आणि कुठं?

नवी समिती नको. आहे ती जागी करा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचं कायदेशीर काम आहे. आपल्याकडे आराखडा म्हणजे काय? कंपाउंड, संडास, पत्रे. हे हवंच. पण त्याच कागदावर एक ओळ लिहायला कायद्यानं कोणी बंदी घातली आहे का, की आमच्या शाळेतून पाचवी होणाऱ्या लेकराला गणितात हे हे आलं पाहिजे?

ती बैठक शाळा सुटल्यावर, मैदानात घ्या. हमालाला बोलवा, शिवणकाम करणाऱ्या ताईंना बोलवा, गवंड्याला बोलवा, बँकेच्या कॅशियरला बोलवा. प्रत्येकाला एकच विचारा: तुम्हाला गणित कुठं लागतं, आणि कुठं अडतं? गवंडी काटकोन कसा धरतो ते दोरीनं दाखवील: तीन हात, चार हात, पाच हात. पायथागोरस आपल्या गल्लीत राहतो, फक्त शाळेत येत नाही. तासाभरात तुमच्या गावाचा अभ्यासक्रम तुमच्या समोर येईल.

शिक्षकांसाठी केंद्रशाळेतली शिक्षण परिषद आहे. महिन्यातून एक दिवस आपण जमतो, परिपत्रकं वाचतो, चहा घेतो, माहिती भरतो. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एकच पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मागे बसून पोरं काय करतात ते बघतात, आणि मग पाठावर बोलतात, शिक्षकावर नाही. आपल्या परिषदेतला एक तास यासाठी काढला तर कोणत्या परवानगीची गरज आहे? "एकोणतीस" हा एकच पाठ घ्या. तेलुगू, उर्दू, बंजारा, मराठी पोरांच्या वर्गात. त्या एका तासातून जे निघेल ते बालभारतीला लिहून पाठवा. पुढच्या वेळी संख्यानामांवर वाद झालाच, तर त्यात आपलाही आवाज असेल.

थोडक्यात सांगते. पुस्तक निवडण्याआधी हेतू ठरवा. हेतू एकट्यानं ठरवू नका. पालक, शिक्षक, गाव मिळून ठरवा. आपल्याला हे जमतं, लातूरनं दाखवलंय; फक्त या वेळी ध्येय एका परीक्षेपेक्षा मोठं घ्या. आणि ठरलं की प्रत्येक पुस्तक, पेटी, अॅप त्या ध्येयाच्या काट्यावर मोजून घ्या.

गुरुजींनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी तीस वर्षं घेतली. तुम्ही एवढा वेळ घेऊ नका. नवी पुस्तकं जूनमध्ये येतात. बैठक त्याच्या आधी घ्या.